एका फुलासाठी दोन फेऱ्या: मसाई पठारावरील सोनकीच्या सहलीचा अनुभव

पावसाळा सरत आला की कोल्हापुरातून मसाई पठाराकडे रानफुलांच्या सहली निघू लागतात आणि त्यांतील बहुतेकींचा कार्यक्रम ठरलेला असतो: सकाळी पठारावर छायाचित्रे, दुपारी पन्हाळ्यावर झुणका-भाकर आणि मडक्यातले दही, संध्याकाळी परत. यंदा मी पैसे भरून ज्या सहलीला गेले ती मात्र एकाच फुलासाठी आखलेली होती. ते फूल म्हणजे सोनकी. माणशी ११०० रुपयांत दोन फेऱ्या होत्या. पहिली सप्टेंबरच्या अखेरीस, फुले ऐन भरात असताना, आणि दुसरी नोव्हेंबरच्या मध्याला, बी धरल्यावर. सहल काढणारा गट लहान आहे. माझ्या तक्रारी मी त्यांना समक्ष सांगितल्या असल्याने येथे त्यांचे नाव देत नाही. परंतु अशा सहलीला पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे आणि काय विचारावे, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. सूर्यफुलाचा उभा छेद फळ्यावर किती वेळा काढला याची गणती नाही. कडेची किरणपुष्पके, मधली बिंबपुष्पके, खाली हिरवी छदे, ही नावे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली, पण त्या मधल्या एवढ्याशा फुलात प्रत्यक्ष काय घडते ते मी स्वतः कधी पाहिले नव्हते. त्यामुळे जाहिरातीतले ‘एकच फूल, तीन तास’ हे शब्द वाचून मी लगेच नाव नोंदवले, आणि बरोबर अकरावीत शिकणाऱ्या पुतणीचेही.

दसरा चौकातून बस पहाटे साडेपाचला सुटणार होती. ती सुटली सहा वाजून पंचवीस मिनिटांनी, कारण दोन कुटुंबे उशिरा आली. वेळेवर आलेल्या तीस माणसांना चारपाच माणसांसाठी तासभर रस्त्यावर उभे करणे योग्य नाही. संयोजकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण पठारावरचा सकाळचा एक तास गेला तो गेलाच.

मार्गदर्शक तरुण होता, शिवाजी विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेला, आणि बस शिवाजी पूल ओलांडून केर्लीला पोहोचेपर्यंत तो काहीच बोलला नाही. जोतिबाचा फाटा आल्यावर मात्र तो उठून उभा राहिला आणि त्याने विचारले, “काका, जोतिबाला आपण काय वाहतो?” पुढच्या बाकावरून उत्तर आले, “गुलाल, खोबरं आणि दवणा.” मग त्याने सांगितले की दवणा, अंबाबाईच्या देवळाबाहेर पाटीत मिळणारी शेवंती, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू, जेवणात चटणी होऊन येणारे कारळे, तेलाचे सूर्यफूल आणि करडई ही सारी एकाच कुळातली मंडळी आहेत, आणि आपण ज्या सोनकीकडे चाललो आहोत ती त्यांची रानात राहिलेली भावकी. वीस हजारांहून अधिक जातींच्या या कुळाची ओळख जोतिबाच्या फाट्यावर दवण्यापासून करून द्यावी, हे मला शिक्षिका म्हणून फार आवडले. वर्गात मी नेहमी सूर्यफुलापासून सुरुवात करीत असे. आमच्या मुलांच्या घरात त्याआधी दवणा येतो, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

पन्हाळ्यावरून राजदिंडीने उतरून म्हाळुंगेमार्गे मसाईवर जाणारी वाट १६६० च्या जुलैतील महाराजांच्या विशाळगडाकडील प्रवासामुळे सर्वांना माहीत आहे. आम्ही गाडीरस्त्याने गेलो, त्यामुळे त्या वाटेबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

पठारावर पोहोचलो तेव्हा धुके नुकतेच उठत होते. जांभ्याचा खडक, त्यावर जेमतेम वितभर माती, साचलेल्या पाण्याच्या कडेने सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक, मध्येच गेंदाची पांढरी डोकी, आणि जिथे माती थोडी जास्त आहे अशा उतारांवर पिवळा रंग. येथेच पहिला धडा मिळाला. लांबून दिसणारे सगळे पिवळे सोनकीचे नसते. पठारावरचा एक मोठा पिवळा पट्टा जवळ जाऊन पाहिला तर तो कवल्याचा निघाला. कवला हा वाटाण्याच्या कुळातला, आणि त्याच्या फुलावर लालसर ठिपक्यांची जोडी असते. पठाराखालच्या शेतातला पिवळा तुकडा कारळ्याचा होता. सोनकी ओळखायची ती फूल उलटे करून, असे मार्गदर्शकाने सांगितले. फुलाखालची हिरवी छदे एकाच ओळीत, सारख्या उंचीची, कुंपणाच्या काठ्यांसारखी शेजारी शेजारी उभी असतात आणि त्यांच्या बुडाशी चारदोन बारीक छदे असतात. सूर्यफुलासारखी कौलांप्रमाणे एकावर एक चढलेली नसतात. ही खूण इतकी सोपी आहे की माझ्या पुतणीने पुढच्या दहा मिनिटांत तीन जणांना ती समजावून सांगितली.

त्यानंतर त्याने सर्वांना खडकाच्या मोकळ्या पट्ट्यावर बसायला सांगितले. फुलांत कोणीही बसायचे नाही, झाड उपटायचे नाही, प्रत्येकाने खडकाच्या कडेचे एकच झाड निवडायचे आणि त्याच्याशीच राहायचे. झाड गुडघ्यापर्यंत येणारे, पानांच्या कडा दातेरी, फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुपके. पाकळ्या मोजा म्हणाला. माझ्या फुलाला तेरा होत्या, पुतणीच्या फुलाला बारा. “आता यांना पाकळ्या म्हणायचे नाही, प्रत्येक पाकळी म्हणजे एक अख्खे फूल आहे,” असे तो म्हणाला तेव्हा शेजारच्या मावशी खरोखर चकित झाल्या, आणि मलाही आनंद झाला, कारण हे वाक्य मी वर्गात अनेकदा उच्चारले होते, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असे उमटलेले क्वचितच पाहिले होते.

खरा ठेवा त्यापुढे होता. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला अगदी टेकवायचे आणि फूल भिंगाजवळ आणायचे, ही पद्धत त्याने प्रत्येकाला हात धरून शिकवली. मधली तबकडी म्हणजे पाच दातांच्या इवल्या पिवळ्या नळ्यांचा गुच्छ. या नळ्या बाहेरच्या कडेकडून आत, ओळीने उमलत जातात, त्यामुळे एकाच फुलात कडेला पूर्ण उमललेली, मध्ये अर्धी उमललेली आणि केंद्रात मिटलेली पुष्पके एकाच वेळी पाहता येतात. प्रत्येक नळीत पाच परागकोश एकमेकांना कडेने चिकटून आणखी एक बारीक नळी तयार होते, आणि पराग त्या नळीच्या आतल्या बाजूला सुटतात. मग खालून किंजल, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाची बारीक दांडी, वाढू लागतो आणि फवारणी पंपाचा दट्ट्या औषध पुढे ढकलतो तसा तो पराग वर ढकलतो. भिंगातून पाहताना नळीच्या तोंडाशी परागाचा छोटा ढीग जमलेला दिसतो. पराग कीटकांनी नेल्यानंतर त्याच किंजलाचे टोक दुभंगते, दोन्ही फाटे बाहेर वळतात आणि आता ते दुसऱ्या फुलाचा पराग घ्यायला तयार होतात. म्हणजे प्रत्येक पुष्पक आधी देते आणि मग घेते. कडेच्या किरणपुष्पकांत परागकोश नसतातच; त्यांच्याकडे किंजल असतो आणि लांबून दिसणारी ती पिवळी पट्टी असते. मी एकाच फुलात बाहेरून आत सरकत परागाचे ढीग, दुभंगलेली टोके आणि मिटलेल्या कळ्या पाहिल्या. फळ्यावर खडूने काढलेल्या आकृतीत हा क्रम कधीच दाखवता आला नसता. या अर्ध्या तासासाठी मी ११०० रुपये पुन्हा देईन.

नावांचा भाग त्याने आटोपशीर ठेवला, पण जे सांगितले ते नीट सांगितले. सोनकीची प्रजाती, म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट, सेनेसिओ. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ती शास्त्रीय नामावलीत आणली, आणि आज तिच्यात हजाराहून अधिक जाती मोजल्या जातात. पूर्वी हा आकडा आणखी मोठा होता, कारण जे जे सारखे दिसेल ते ते या प्रजातीत घातले जात होते. किलीमांजारो पर्वतावरचे माणसाहून उंच वाढणारे खोडाळ वृक्षही एके काळी सेनेसिओच होते, आणि आपल्याकडच्या रोपवाटिकांत टांगत्या कुंडीत मिळणारी, हिरव्या मण्यांच्या माळेसारखी शोभेची वेलही सेनेसिओच होती. आता ती वेगळ्या प्रजातींत गेली आहेत. सह्याद्रीत मात्र सेनेसिओचा गोतावळा टिकून आहे. आपली नेहमीची सोनकी जुन्या ग्रंथांत सेनेसिओ ग्रॅहमी या नावाने आढळते, आता तिला सेनेसिओ बॉम्बेएन्सिस म्हणतात. बेळगावचे नाव लावणारी सेनेसिओ बेळगावमेन्सिस आहे. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची १८६१ मध्ये सूची करणाऱ्या डाल्झेल आणि गिब्सन यांच्या नावांच्याही दोन जाती आहेत. पानांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी लव असलेली एजवर्थी त्याने पठाराच्या काठावर शोधून दाखवली, तेव्हा सर्वांना ती बोटाने न खुडता पाहावी लागली, हेही योग्यच. संदर्भासाठी त्याने पिशवीत शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला, डॉ. एस. आर. यादव आणि डॉ. एम. एम. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील जाडजूड ग्रंथ आणला होता, आणि शंका आली की तो आठवणीवर न विसंबता ग्रंथ उघडून पाहत होता. मार्गदर्शकाची पारख मला येथे झाली.

आता मुख्य तक्रार. बसमध्ये प्रत्येकाला एक रंगीत पत्रक दिले होते. छपाई सुंदर, चित्रे स्वच्छ, पण मागच्या पानावर ‘औषधी उपयोग’ या मथळ्याखाली सोनकीच्या पानांचा रस काविळीवर गुणकारी असल्याचे छापले होते. हे वाचून मी अस्वस्थ झाले. सेनेसिओ प्रजातीतील अनेक जातींमध्ये पायरोलिझिडीन अल्कलॉइड या गटातील द्रव्ये असतात आणि ती थेट यकृताला इजा करतात. काविळीत यकृत आधीच दुखावलेले असते. अशा माणसाने हे पत्रक वाचून घरी रस काढून घेतला तर काय होईल, हा विचार पत्रक छापण्यापूर्वी व्हायला हवा होता. मी मार्गदर्शकाला बाजूला घेऊन विचारले तेव्हा तो म्हणाला, “बाई, हे पत्रक मी लिहिलेलं नाही, पण वाटायच्या आधी वाचायला हवं होतं.” त्याने लगेच सर्वांना गोळा करून तो परिच्छेद चुकीचा असल्याचे स्पष्ट सांगितले आणि प्रत्येकाला पेनाने खोडायला लावले. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटतो. संयोजकांचे काम मात्र तेवढ्याने संपत नाही. रानातल्या प्रत्येक फुलाला औषधी गुण चिकटवण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिला निदान निसर्गशिक्षणाच्या नावाने चालणाऱ्या उपक्रमात जागा असू नये. नवीन पत्रक छापू, असे त्यांनी मला सांगितले आणि नोव्हेंबरच्या फेरीत ते पान खरोखर बदललेले होते.

उरलेल्या उणिवा थोडक्यात सांगते. चौतीस माणसांना एक मार्गदर्शक आणि सहा भिंगे, हे प्रमाण चुकीचे आहे. भिंग हातात येईपर्यंत काहींचा रस संपला आणि ते फुलांत शिरून छायाचित्रे काढू लागले. त्यांना वारंवार हाका मारण्यात मार्गदर्शकाची शक्ती गेली. वीस माणसे आणि दहा भिंगे एवढे तरी हवे, त्यासाठी शंभर-दीडशे रुपये वाढवले तरी माझी हरकत नाही. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय पन्हाळ्याच्या पुढे नव्हती आणि याची पूर्वसूचनाही दिली नव्हती. नाश्त्याची मिसळ वाटेत घेतली, कट चांगला होता, पाव शिळा होता. दुपारची झुणका-भाकर आणि ठेचा उत्तम.

नोव्हेंबरच्या फेरीला चौतिसांपैकी नऊ जण आले. बस मोठीच होती, त्यामुळे मागच्या बाकांवर जेवणाचे डबे आणि पाण्याचे जार बसले. या वेळी मात्र ठरल्या मिनिटाला निघालो.

पठार ओळखू येत नव्हते. हिरव्याचे पिवळट तपकिरी झाले होते, पाण्याची डबकी आटून तळाच्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि वाऱ्याला धार आली होती. छायाचित्र काढावे असे प्रथमदर्शनी काहीही नव्हते. सप्टेंबरमध्ये ज्या खडकावर बसलो होतो तेथेच पुन्हा बसलो. माझे झाड मला सापडले. पाने करपून खाली लोंबत होती, छदांचे कुंपण बाहेर वळून उलटे झाले होते, आणि जिथे पिवळी तबकडी होती तिथे पांढऱ्या रेशमाचा गोंडा होता. एका गोंड्यावर फुंकर घातली आणि म्हाताऱ्या उडाल्या.

म्हातारी हा शब्द आपण सगळे लहानपणापासून वापरतो; रुईची असो वा सावरीची, हवेत तरंगणारे पांढऱ्या केसांचे बी ही म्हातारी. मार्गदर्शकाने तेव्हा सांगितले की सेनेसिओ हे नाव लॅटिन भाषेतील सेनेक्स या शब्दावरून आले आहे आणि सेनेक्स म्हणजे म्हातारा माणूस; बी धरल्यावर दिसणाऱ्या याच पांढऱ्या केसांवरून ते पडले. हे त्याने सप्टेंबरमध्ये मुद्दाम सांगितले नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बाजूच्या माणसांना आणि आमच्या गावाकडच्या पोरांना वाऱ्यावरचे बी पाहून एकच गोष्ट सुचावी, एकाने म्हातारा म्हणावे, दुसऱ्याने म्हातारी, हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. पुतणीने एक बी तळहातावर घेऊन भिंगाखाली धरले. तपकिरी, बारीक, उभ्या कंगोऱ्यांचे दाणे आणि त्यावर केसांची चवरी. मार्गदर्शकाने कागदाच्या पुडीतून कारळ्याचे दाणे काढून शेजारी ठेवले. ते काळे, तकतकीत, आणि त्यांवर एकही केस नाही. एक बी वाऱ्याच्या भरवशावर राहिले, दुसऱ्याला माणसाने पुडीत बांधून शेतात नेले. एकाच कुळातल्या दोन बियांचा हा फरक याहून सोप्या रीतीने कसा शिकवता येईल, ते मला सुचत नाही.

आम्ही बसलो होतो तेव्हा उतारावर गवताची कापणी चालली होती. एक आजी भारा बांधताना मधूनच सोनकीची वाळकी काटके ओढून बाजूला टाकत होत्या. पुतणीने कारण विचारले तर म्हणाल्या, “जनावर तोंड लावत न्हाई गं त्याला, कडू असतंय. वैरणीत कशाला घालायचं?” मार्गदर्शकाने त्यांना नमस्कार केला आणि मग आम्हाला युरोपातील रॅगवर्ट या सोनकीच्या नात्यातील पिवळ्या फुलाबद्दल सांगितले. त्याची पूर्वीची प्रजाती सेनेसिओच. उभ्या कुरणात घोडे आणि गुरे त्याला कडूपणामुळे टाळतात, पण ते गवताबरोबर कापले जाऊन वाळले की कडूपणा कमी होतो आणि विष तसेच राहते, त्यामुळे वाळक्या वैरणीतून जनावरांचे यकृत निकामी होते. आजी हातातली काटके बाजूला टाकत हे सारे ऐकत होत्या, आणि शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “मग आमी करतोय ते बरोबर हाय न्हवं?” तो म्हणाला, “अगदी बरोबर आहे, आजी.”

सोनकी वर्षायू आहे. पाऊस संपला की झाड मरते आणि मुळाशी काही राखून ठेवत नाही. पुढच्या सप्टेंबरमधला सगळा पिवळा रंग या केसाळ दाण्यांत असतो, आणि ते जांभ्याच्या भेगांत, गवताच्या बुंध्याशी, डबक्याच्या कोरड्या गाळात जाऊन पडतात. फुलांत शिरून छायाचित्रे काढणाऱ्यांनी तुडवलेला सप्टेंबरमधला पट्टा आम्हाला ओळखू आला. तिथे झाडे आडवी वाळलेली होती आणि त्यांच्यावर गोंडे नव्हते.

परतताना संयोजकांपैकी एकजण सांगत होता की नऊ माणसांसाठी बस काढणे परवडत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी नोव्हेंबरची फेरी बंद करून शुल्क ७०० रुपयांवर आणण्याचा विचार आहे. मी त्याला म्हटले की बस मोठी असण्याची गरज नाही, एक जीप पुरेल. आणि दोनांपैकी एकच फेरी ठेवायची असेल तर नोव्हेंबरची ठेवा, माझे आणि पुतणीचे पैसे आजच घ्या. त्याने वहीत आमची दोन नावे लिहून घेतली. बस वाघबीळला पोहोचेपर्यंत आणखी तिघांनी नावे दिली.